सहा आठवड्यांच्या नळ्या

देवास, ९ जानेवारी २०२५

अंबरीशदादा,

मोठ्या भावाला 'तीर्थरूप' लिहायची नानांची शिस्त आहे, ती आज मोडते. तू माझा नंबर ब्लॉक केलास, मेहुण्याचा, अजेयचा, फोन उचलत नाहीस, म्हणून पुण्याच्या घरी स्पीड पोस्टने पाठवते आहे. सही करून घ्यावं लागेल. मिळालं नाही असं म्हणायची सोय नाही.

नाना जिवंत आहेत. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे मला मनात येईल ते बोलता येईल.

रविवारी सकाळी चिंटूभियाचा फोन आला. धारला आपल्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं मेडिकल आहे, आठवत असेल. पंचेचाळिशीचा झाला तरी नाव चिंटूच. म्हणाला, "दीदी, मास्साब की उलटी रुक नहीं रही. हिचकी चल रही है. और मेरे को पहचान नहीं रहे." तिरल्याच्या शाळेतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी धारला ते मास्साबच. त्या मास्साबांनी चिंटूला उभं करून सतराचा पाढा म्हणायला लावला, दादा. आणि त्या बिचाऱ्याने म्हटला. मग त्यांना आपल्या गाडीत घालून तो इंदूरला निघाला, मी आणि अजेय इकडून निघालो.

मी पोचले तेव्हा नाना स्ट्रेचरवर होते. पाय सुजून चपला निघत नव्हत्या. चेहरा असा फुगलेला की मला आधी वाटलं, हे दुसरेच कोणी. श्वासाला घाण वास. नर्सने लघवीची नळी घातली तर पिशवीत थेंब नाही. मला वाटलं नळी चुकली. नळी बरोबर होती. वरून, किडनीतून, खाली काही उतरतच नव्हतं. क्रिएटिनिन अकराच्या वर. पोटॅशियम इतकं चढलेलं की डॉक्टर म्हणाले, हृदय कुठल्याही क्षणी बंद पडेल, आधी डायलिसिस, बाकी सगळं नंतर. मानेतून जाड सुई घालून त्यांना मशीनला जोडलं.

मग एक्सरे. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला. दोन्ही बाजूंना, किडनीपासून खाली मूत्राशयापर्यंत, दोन पांढऱ्या तारांसारख्या नळ्या. दोन्ही टोकांना वेटोळं, आणि वेटोळ्यांवर चुन्यासारखे थर.

"ये स्टेंट कब डले थे?"

"कौन से स्टेंट?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मॅडम, पथरी के ऑपरेशन के बाद ये छह हफ्ते के लिए डालते हैं. इनको साल भर से ऊपर हो गया होगा. खुद पत्थर बन गए हैं. दोनों तरफ का रास्ता बंद. घर में कोई पढ़ा-लिखा नहीं है क्या?"

सगळ्या वऱ्हांड्याने ऐकलं. मी एम.एस्सी. बी.एड., दादा. दर वर्षी सातवीच्या फळ्यावर मी दोन किडन्या काढते, त्यांच्यापासून खाली येणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या काढते, मुलांना नावं पाठ करायला लावते. आणि माझ्या बापाच्या पोटात त्याच जागी काय पडलंय हे मला माहीत नाही!

ऑपरेशन तू करून घेतलंस. तू दोन आठवड्यांची रजा घेऊन आलास, तूच ॲडमिट केलंस, तूच घरी आणलंस. मला फोनवर काय सांगितलंस? "दोन्हीकडचे खडे निघाले, सगळं छान झालं, तू येऊ नकोस, चिऊला ताप आहे ना." नळ्यांचं अक्षर काढलं नाहीस.

एकच विचारते. तुला माहीत होतं की नाही?

अल्पना

&nbsp;

देवास, २१ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर पोचलं. मला नाही, अजेयच्या मोबाइलवर. तीन ओळी. "डॉक्टरांनी नानांच्या समोर सांगितलं होतं. नळ्या काढायच्या हे त्यांना पूर्ण माहीत आहे. त्या घरात पाय ठेवणार नाही असं मी का म्हटलं ते अल्पनाला विचार."

मला विचारायची गरज नाही. मी तिथेच होते.

गौरीचं जेवण होतं. कृतिकावहिनीने नैवेद्याचं ताट उचललं आणि नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "हे सवाष्णीचं ताट आहे. तू राहू दे." कारण काय, तर तिचं आधी एक लग्न होऊन मोडलेलं. वहिनीने ताट खाली ठेवलं. वरणाची वाटी कलंडली. तू पानावरून उठलास. बरोबर केलंस. मी तेव्हाही नानांना बोलले, माझ्या सासरचे पाहुणे बसलेले असताना बोलले, अजेय साक्षीला आहे. तुझ्या रागाला मी कधी चूक म्हटलेलं नाही.

पण दादा, ते ऑपरेशनचे सहा आठवडे त्याच गौरीच्या आसपास संपत होते. तू घराबाहेर पडलास तो एक गोष्ट पोटात घेऊन, आणि ती गोष्ट खरोखरच नानांच्या पोटात होती. निघताना मला एवढं म्हणता आलं नसतं का, की अल्पना, त्यांच्या नळ्या काढायच्या राहिल्यात, तू बघ? त्याला किती वेळ लागतो? बापाशी भांडलास, माझ्याशी कधी भांडलास? माझा नंबर का ब्लॉक केलास?

नानांना आता शुद्ध आहे. डायलिसिस थांबवलं. पाठीतून दोन्ही किडन्यांत भोकं पाडून नळ्या बसवल्यात, त्यांना दोन पिशव्या. बंद रस्त्याच्या वरूनच लघवी बाहेर काढतात. भोकं पाडली त्या दिवशी डाव्या पिशवीत पू आला आणि उजव्या पिशवीत लघवी. नर्स उजव्या पिशवीकडे बघून हसली, म्हणाली, "आ रहा है, आ रहा है!" आणि मी वॉर्डातच रडले. आता ते माझ्याकडे, देवासला. जंतूंचा जोर उतरला की मोठं ऑपरेशन करून दगड झालेल्या त्या नळ्या फोडून काढायच्या.

पिशव्या मी रिकाम्या करते. सकाळी, शाळेतून आल्यावर, आणि झोपण्याआधी. मापून लिहून ठेवावं लागतं. पिशवीला हात लावला की नाना तोंड भिंतीकडे करतात. काल मी विचारलं, "नाना, नळ्या काढायच्यात हे तुम्हाला ठाऊक होतं?"

भिंतीकडेच बघत राहिले.

तेव्हा तू निर्दोष आहेस असं समजू नकोस. दोषी तुम्ही दोघं आहात.

अल्पना

&nbsp;

धार, ८ फेब्रुवारी

दादा,

नानांचे कपडे आणि देवघरातले देव न्यायला धारला आले आहे. त्यांच्याच टेबलाशी बसून लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

चिंटूभियाकडे आभार मानायला गेले होते. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मग म्हणाला, "दीदी, बुरा मत मानना. मास्साब साल भर से मेरे यहाँ से जलन की गोली ले जा रहे थे. पेशाब में खून भी आता था. मैंने कितनी बार बोला, इंदौर दिखा दो, मैं ले चलता हूँ. हर बार एक ही बात, 'अंबरीश आने वाला है. वो ले जाएगा.'"

"अंबरीश?" मी म्हटलं. "वो तो आता ही नहीं."

"वो मेरे को क्या पता, दीदी. मैं तो समझा फोन चलता होगा."

इतकंच नाही. त्या जुन्या हॉस्पिटलातून नानांना दोनदा फोन आला होता, नळ्या काढायला या म्हणून. दुसऱ्यांदा आला तेव्हा ते चिंटूच्या दुकानातच उभे होते. त्याने कानाने ऐकलं. नाना त्या बाईला म्हणाले, "बेटा पूना में है. वह आएगा, तभी आऊँगा." आणि फोन ठेवून दिला.

मी तिथूनच देवासला फोन लावला. मुद्दाम चिंटूच्या दुकानातून, कारण घरी जाऊन शांत झाले असते आणि मला शांत व्हायचं नव्हतं. चिऊने फोन आजोबांना दिला.

मी म्हटलं, "नाना, हॉस्पिटलने दोनदा बोलावलं होतं?"

मग म्हणाले, "तो म्हणाला होता, सहा आठवड्यांनी मी येईन, काढून घेऊ."

"तो भांडून गेला नाना. तुम्ही त्याच्या बायकोचा अपमान केलात आणि तो गेला."

"बापाचं दुखणं कळल्यावर आला असता."

"कळवलंत का?"

"त्याला ठाऊक होतं. तारीख ठाऊक होती. त्याने यायला हवं होतं."

"आणि मी? मी देवासला आहे, नाना. दर महिन्याला येत होते. तुमच्यासमोर बसून जेवत होते."

"तुला कसं सांगणार," ते म्हणाले. "ते लघवीच्या वाटेने काढतात. मुलीला असलं सांगतात का?"

दादा, मी चिंटूच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकं उभी असताना, ओरडले. "मग रोज मी काय करतेय, नाना? तुमच्या दोन्ही पिशव्या कोण ओततंय?"

चिऊ म्हणाली, "आई, आजोबांनी फोन खाली ठेवला. वो रो रहे हैं."

रडू देत. मला दया आली नाही. अजूनही येत नाहीये. या माणसाने जळजळ सोसली, रक्त पाहिलं, रोज पूजेला बसताना पाठ धरून बसले असतील, आणि कशासाठी? तुला यावं लागेल म्हणून. त्यांनी त्या नळ्या जाणूनबुजून आत ठेवल्या. तुला ओढून आणायचा तोच एक दोर उरला होता त्यांच्याकडे. आणि तू तिकडे पुण्यात बसून, त्यांनी आधी फोन करावा म्हणून वाट बघितलीस. तारीख तुलाही ठाऊक होती. कॅलेंडर पाहिलं असशील, दादा. मी तुला ओळखते. पाहिलं असशील आणि मनाशी म्हणाला असशील, बघू कोण आधी हरतं.

तुम्ही दोघं अगदी एकसारखे आहात. वहिनीला मी हे सांगणार होते, पण तिला ते माझ्याआधी कळलं असणार.

आणि तुम्हा दोघांत मी कुठे होते? मला कुणी धरलंच नाही. मुलगा येईल की नाही यावर एका माणसाने जीव पणाला लावला, आणि शंभर किलोमीटरवर बसलेली मुलगी, जिने दुसऱ्या दिवशी शाळेत सुट्टी टाकून नेलं असतं आणि संध्याकाळी परत आणलं असतं, ती कुणाच्या लेखी नव्हती. साधी गोष्ट होती रे. दुर्बीण घालून ओढून काढतात. भूल पण थोडीशीच.

डॉक्टर म्हणतात, डावी किडनी बहुतेक गेली.

देव घेतले. दत्ताचा टाक, अन्नपूर्णा, शाळिग्राम. नानांचं धोतर नको, पाठीच्या नळ्यांना अडतं. लुंग्या घेतल्या.

अल्पना

&nbsp;

देवास, ३ मार्च

दादा,

बारा मार्चला ऑपरेशन. इंदूरला. दुर्बिणीने, लेसरने, आणि पाठीतूनही, दोन्ही बाजूंनी. नाना बहात्तरचे, हृदय अशक्त. टेबलवर काहीही होऊ शकतं असं लिहून घेतलंय.

ये असं म्हणत नाही. न आलास तर त्याचं ओझं माझ्यावर नको, म्हणून कळवलं.

अल्पना

&nbsp;

देवास, १९ मार्च

दादा,

तू आला नाहीस. वहिनी आली.

अकराला संध्याकाळी दारात उभी, एकटी, खांद्यावर एक बॅग. मला म्हणाली, "वन्सं, पत्रं टेबलावर पडून होती. पहिलं त्यांनी उघडून ठेवलं होतं, पुढची मीच फोडली. त्यांना सांगूनच आले." वन्सं! आपल्या घरात हा शब्द आजीनंतर कुणी वापरला नव्हता. नानांनीच तिला लग्नात शिकवला होता.

मी तिला आत नेलं. नाना पलंगावर बसले होते, दोन्हीकडे पिशव्या लटकलेल्या. ते दाराकडे बघत होते, तिच्या मागे. मागे कुणी नाही हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी चादर ओढून पिशव्या झाकायला घेतल्या.

वहिनी नमस्काराला वाकली नाही. उभ्यानेच म्हणाली, "नाना, मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. त्यासाठी आलेच नाही मी. वन्संना दोन महिन्यांत नीट झोप नाही, त्यांच्यासाठी आलेय. तुमचं करायचं ते करीन. तुम्हाला आवडो न आवडो."

दादा, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. एवढ्या दिवसांत या घरात माझ्याशिवाय कुणीतरी रागावलं होतं.

ती रात्र मी झोपले. सकाळी उठून पाहिलं तर दोन्ही पिशव्या रिकाम्या, माप वहीत लिहिलेलं. नाना तिला विचारत होते, "पुण्याला थंडी असते का आता?" ती म्हणाली, "नाही."

ऑपरेशन चाललं बरंच. मी बाकावर, वहिनी माझ्या शेजारी, अजेय फेऱ्या मारत. मधे तिने डब्यातली शेव आणि परमलचे कुरमुरे काढले, आम्ही खाल्ले. डॉक्टर बाहेर आले आणि स्टीलच्या ट्रेमध्ये तुकडे दाखवले. पिवळट, खरबरीत, चुनखडीसारखे. मधे मधे निळसर प्लास्टिक. एवढंसं. मला ट्रे भिंतीवर फेकून द्यावासा वाटला.

डावी किडनी संपली आहे. ती आत तशीच राहील. उजवी चांगली चालते, क्रिएटिनिन दोनवर आलंय. डायलिसिस लागणार नाही. मीठ कमी, पाणी मोजून. उजवीकडे नवी नळी घातलीय. कधी काढायची ते डॉक्टरांनी मला, अजेयला, वहिनीला आणि नानांना एकत्र उभं करून सांगितलं. नानांकडून तीनदा म्हणवून घेतलं. नाना सहावीतल्या मुलासारखे म्हणाले.

आता तुझा फोन.

तू परवा वहिनीच्या फोनवर लावलास. ती उचलून म्हणाली, "मला विचारू नको. ते जागे आहेत, त्यांनाच विचार." आणि फोन नानांच्या हातात दिला. नानांनी तो कानाशी धरला. आम्ही दोघी तिथेच होतो, खिडकीशी.

तू फोन ठेवल्यावर वहिनीला मेसेज केलास, "एक शब्द बोलले नाहीत. दीड वर्षानंतरही नाही. संपलं आता." तिने मला वाचून दाखवला.

दादा, ते बोलत होते.

पहिल्यांदा नुसतं "अंबरीश" म्हणाले. मग थांबले. मग बोलायला लागले, हळू, मधे श्वास घेत, पाच-सात मिनिटं. तू "हॅलो, नाना, हॅलो" करत असशील. त्यांना नीट ऐकू येत नाही हल्ली, ते आपलं बोलतच राहिले. मी फोन परत घेतला तेव्हा पाहिलं, गालाने म्यूटचं बटण दाबलं जाऊन आपल्याकडचा आवाज बंद झाला होता. तुला काहीच गेलं नाही. त्यांना वाटलं, तू सगळं ऐकलंस आणि उत्तर न देता फोन ठेवलास. त्या रात्री जेवले नाहीत.

मी त्यांना सांगितलं, नाना, आवाज बंद होता, त्याला गेलंच नाही. म्हणाले, "पुन्हा नाही जमायचं मला."

त्यांनी काय म्हटलं ते मी ऐकलं. वहिनीनेही ऐकलं, त्यात तिचं नाव होतं. ती ऐकून बाहेर गेली आणि वऱ्हांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली. माफ केलंस का, असं मी विचारलं नाही. तिचं तिला ठाऊक.

ते मी इथे लिहिणार नाही. वहिनी रविवारी पुण्याला परत येते आहे, तिला विचारू नकोस. तीही सांगणार नाही, आमचं ठरलंय. आजवर तुम्हा दोघांचं एकमेकांकडे पोचवायचं काम बायकांनी केलं. आई होती तोवर आईने, मग मी. आता माझ्याच्याने होत नाही.

नाना शुक्रवारी धारला जायचं म्हणतात. मी नेते आहे. चिंटूभिया नानांची खोली झाडून ठेवतोय, जेवणाचा डबा लावलाय. एका किडनीवर माणूस बरीच वर्षं काढतो, असं डॉक्टर म्हणाले. काढूही शकतो. पण बरीच म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही.

इंदूरहून धारच्या बसा दिवसभर असतात. ये, त्यांच्यासमोर बस, आणि विचार, परवा फोनवर काय म्हणालात. सांगायला ते पुन्हा खूप वेळ घेतील. तेवढा वेळ तिथून उठू नकोस.

अल्पना